तिळाचं बोलावणं

काल सकाळी सायली दारात आली तेव्हा तिच्या एका हातात तिळगुळाची पुडी होती आणि दुसरा हात ओढणीखाली होता. सायली म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरची, मूळची पुण्याची. नवरा-बायको दोघंही कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. "काकू, तिळगूळ घ्या, गोड बोला," हे ती इतक्या घाईनं म्हणाली, की गोड बोलायला मला सवडच मिळाली नाही. वळताना ओढणी सरकली आणि कुंकवाचा करंडा दिसला. संध्याकाळी तिच्याकडे हळदीकुंकू होतं. बाकीच्या दारांत तो करंडा उघडणार होता, माझ्या दारात तेवढा झाकायचा होता. माझे यजमान गेल्याला ही दुसरी संक्रांत.

पोरीवर रागवावं असं काही नव्हतं. तिनं पुडी तरी आणून दिली. तिच्या सासूबाईही माझ्यासारख्याच. पुण्याहून इथे राहायला आल्यात आणि असल्या दिवशी आतल्या खोलीत दार लोटून टीव्ही बघत बसतात. दोन वर्षांपूर्वी मी सायलीकडे वाण घ्यायला गेले होते, तेव्हा आतून मालिकेचा आवाज येत होता. आम्ही सगळ्या उखाण्यांवर हसत होतो आणि त्या खोलीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आता त्या लोटलेल्या दाराची आतली बाजू मला कळायला लागलीय.

पुडी उघडून एक वडी तोंडात टाकली. विकतची होती, पण तीळ तो तीळच. बाहेर गच्चीवर पोरांचे पतंग सुरू झाले होते, "कटीऽऽ पतंग" असा ओरडा चालला होता. हैदराबादची थंडी ही मुळात पाहुणी. येते, दोन दिवस राहते, स्वेटरं कपाटातून काढायला लावते आणि ती उन्हात टाकायच्या आत निघून जाते. तेवढ्या दिवसांत चिक्कडपल्लीच्या बाजारात बोरांचे ढीग लागतात, उसाच्या मोळ्या उभ्या राहतात, आणि तेलुगू घरांतून सकिनालूंचा वास यायला लागतो. तांदळाच्या पिठाची, तीळ घातलेली ही कडबोळीच. तो वास आला की मला एकच हिवाळा आठवतो. कॉलेजच्या सेवा-शिबिराचा, आणि माझ्या कमलआत्याचा.

तेव्हा आम्ही चिक्कडपल्लीत राहत होतो. बाबा सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात होते. आमचं मूळ घर उदगीरकडचं, पण निजामाच्या काळापासून अर्धं खानदान हैदराबादेत, त्यामुळे घरातली मराठी अर्धी दख्खनी झालेली. बाजार नुकता खुला व्हायला लागला होता. टीव्हीवर दोनाच्या जागी डझनभर चॅनेलं आली, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाटीचे फोन-बूथ निघाले, आणि अमीरपेठेत एकेका जिन्यावर चार-चार कॉम्प्युटर क्लास. अख्खं शहर काहीतरी शिकायला धावत होतं. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द होता, फायदा. अमका कोर्स केला तर फायदा काय, तमक्या बँकेत पैसा ठेवला तर फायदा काय. आमच्या बाबांना तर तो शब्द इतका आवडला होता, की आई भाजीत लसूण जास्त घालायची तरी विचारायचे, याचा फायदा काय.

अशा दिवसांत मी बी.ए.ला होते आणि कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घालून बसले होते. खरं सांगायचं तर पहिल्यांदा नाव घातलं ते शनिवारी मिळणाऱ्या उस्मानिया बिस्किटांसाठी. पण हळूहळू ते काम अंगात भिनलं. रक्तदानाच्या दिवशी खुर्च्या मांडायच्या, दाते घाबरले की गप्पा मारत बसायचं, वस्तीत जाऊन पोलिओच्या डोसाला पोरं गोळा करायची, लावलेली रोपं जगली का बघायची. मोठं असं काहीच नव्हतं त्यात. तरी संध्याकाळी धुळीनं माखलेले पाय घेऊन घरी येताना मला फार बरं वाटायचं. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो, हे त्या वयात दुसरं कुणी वाटू देत नाही.

बाबांनी अर्थातच फायदा विचारला. मी सांगितला. योजनेचं प्रमाणपत्र असलं तर समाजकार्याच्या पुढच्या शिक्षणाला, जिथं जागा मोजक्याच असतात, तिथं वजन पडतं. बाबा म्हणाले, समाजकार्य शिकायला कॉलेज कशाला लागतं, तुझी आजी न शिकताच गावभर करायची. मग अटी विचारल्या. दोन वर्षं नाव हवं, ठरलेले तास भरायला हवेत, आणि एका खेड्यातलं शिबिर करायला हवं, तिथं मुक्काम करून.

मुक्काम हा शब्द ऐकला आणि बाबांनी चष्मा काढून ठेवला. लातूरचं एक स्थळ तेव्हा घरात येऊन-जाऊन होतं. त्यांना पुढच्या उन्हाळ्यात लग्न उरकायचं होतं. म्हणजे मामला सरळ होता. शिबिर झालं नाही तर प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही तर पुढची जागा नाही, आणि जागा नाही तर लातूर. मला लातूरचा राग नव्हता, त्या मुलाचाही नव्हता. पण आपलं आयुष्य असं परस्पर उरकलं जाणार, या विचारानं घशाखाली घास उतरत नव्हता. मी रडले, जेवण सोडलं, आणि भुकेनं परेशान होऊन दुसऱ्याच दिवशी परत धरलं.

मार्ग निघाला तो आमच्या घराण्याला शोभेल असाच. बाबा म्हणाले, जा, पण अक्का तुझ्याबरोबर येईल. ती बघेल काय प्रकार आहे, आणि येऊन जे सांगेल ते आपण करू. अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, माझी कमलआत्या. यजमान फार लवकर गेले, तेव्हापासून ती भावाकडे होती. राष्ट्रीय सेवेच्या शिबिराला आत्याला घेऊन जाणारी मुलगी देशात दुसरी झाली नसेल. मी योजना बघणाऱ्या आमच्या शारदा मॅडमना विचारलं तेव्हा त्या खूप वेळ हसल्या आणि म्हणाल्या, आण, स्वयंपाकाला माणूस कमीच आहे.

कमलआत्याला ज्यांनी पाहिलं नाही त्यांना काय सांगावं! अंगानं काडी आणि जिभेनं कोयता. मत नाही अशी गोष्ट तिच्याजवळ नव्हती. सोवळंही कडक. पण आमच्याकडे हळदीकुंकू असलं की ती सकाळपासून राबायची, तिळाचे लाडू वळायची, वाणाच्या वाट्या पुसून ठेवायची, आणि बायका यायच्या वेळेला स्वयंपाकघरात जाऊन बसायची. तिला कुणी जा म्हणत नव्हतं आणि ये पण म्हणत नव्हतं. ती तिथं नाही, याचं आम्हाला काही वाटतच नव्हतं. रोज दिसणाऱ्या गोष्टीचं असंच होतं.

संक्रांतीच्या सुट्टीत शिबिर होतं. गौलीगुड्याच्या बस-अड्ड्यावर, त्या भल्यामोठ्या अर्धगोल पत्र्याच्या छपराखाली, सगळी पोरंपोरी बॅडमिंटनच्या रॅकेटी आणि टेपरेकॉर्डर घेऊन उभी, आणि मी आत्याचा स्टोव्ह, आत्याचं अंथरूण आणि आत्याचा लाडवांचा डबा घेऊन उभी. संक्रांत तिथंच येणार म्हणून तिनं लाडू आधीच वळले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बस सुटताना तिनं मोठ्यानं विचारलं, "लघवीला जाऊन आलीस का?" बसमधली सगळी मुलं मराठी समजणारी नव्हती, पण पुरेशी होती.

गाव शहरापासून दोन-तीन तासांवर. लाल माती, तळं, ताडाची झाडं, आणि चहूकडे हरभऱ्याचा आंबूस वास. आमचा मुक्काम शाळेत. मुलींच्या खोलीच्या उंबरठ्यावर आत्यानं आपलं अंथरूण पसरलं, म्हणजे तिला ओलांडल्याशिवाय कुणी आत-बाहेर करू शकणार नव्हतं. सकाळी आम्ही शाळेपासून तळ्यापर्यंतचा रस्ता करायचो. मुलं फावड्यानं माती ओढायची, मुली टोपल्या वाहायच्या. थंडीत मातीचा पहिला स्पर्श गार लागायचा, मग हात तापायचे, फोड यायचे. आत्या शाळेच्या पडवीतून बघत असायची. मी कुठल्या मुलाच्या हातातून टोपली घेतली, कुणाशी किती बोलले, सगळं तिच्या डोळ्यात जमा होत होतं. ती आमच्यासाठी भात रांधायची, पण स्वतःचं वेगळं, स्वतःच्या स्टोव्हवर. गावात ती पाऊल टाकत नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "मी राखणीला आलेय. मला कुणी बोलावलंय का तिथं?"

शिबिराचं मोठं काम होतं डोळे-तपासणीचं. सिकंदराबादहून एक डॉक्टर येणार होते, फक्त एक दिवस, संध्याकाळच्या बसनं परत. मोतीबिंदू निघाला तर शहरात नेऊन फुकट ऑपरेशन. पुरुष येतील, पण बायका येतील का, ही मॅडमना फिकर. तेव्हा माझी मैत्रीण पद्मा, वारंगळकडची, म्हणाली, आमच्यात कार्याला बोलवायचं तर घरोघर जाऊन बायकांना बोट्टु लावतात, म्हणजे कुंकू लावतात, मग बाई आल्यावाचून राहत नाही. मी टाळीच दिली तिला. अगं, आमच्यात पण अस्संच! मॅडमना कल्पना इतकी आवडली की त्यांनी आपलं कुंकू काढून दिलं. आम्ही दोघी आदल्या दिवशी साड्या नेसून गावभर फिरलो. दारादारात सडा, रांगोळ्या, रांगोळीत ठेवलेली झेंडूची फुलं. बायका हसत कपाळ पुढे करायच्या, आमच्याही कपाळाला लावायच्या. दिवस मावळेपर्यंत आमची कपाळं लालभडक झाली होती आणि आम्ही स्वतःवर बेहद्द खूश होतो.

दुसऱ्या दिवशी पडवीत ही गर्दी! ठेवणीतल्या साड्या, केसांत झेंडू, काखेत लेकरं. डॉक्टर बॅटरी घेऊन बसले. एक झाली, दुसरी झाली. दुपार व्हायला आली तशी त्यांनी बॅटरी खाली ठेवली आणि मॅडमना शांतपणे म्हणाले, पुरुषांत मोतीबिंदू खूप निघाले, पण बायकांत एकही नाही, सगळ्या तरण्या आहेत, सगळ्यांचे डोळे काचेसारखे, या गावात म्हाताऱ्या बायका नाहीतच का? मॅडम म्हणाल्या, आम्ही तर एक घर सोडलं नाही. मी आणि पद्मा मान हलवत होतो.

तेव्हा मागे चुलीपाशी तांदूळ निवडत बसलेली आत्या उठली. हात पदराला पुसले. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला.

"घर सोडलं नाही, खरंय. कुंकू लावून बोलावलंत नव्हं? मग ज्यांच्या कपाळाला कुंकू नाही त्या कशा येतील? मी तरी आले असते का?"

मला एकदम आदल्या दिवसाच्या सगळ्या दारांमागच्या सावल्या दिसल्या. ओट्याच्या कोपऱ्यातून उठून आत गेलेल्या, आम्ही येताना बघून खांबाआड झालेल्या. ज्यांना दिसत नव्हतं, त्यांनाच नेमकं आम्ही बघितलं नव्हतं. पद्माची भाषा वेगळी, माझी वेगळी, पण रीत एक असल्यामुळे दोघींनाही शंका आली नाही. मला इतकी लाज वाटली की कपाळावरचं कुंकू पुसावंसं वाटलं.

आत्यानं मात्र वेळ घालवला नाही. लाडवांचा डबा काढला, पायात चपला सरकवल्या आणि मला म्हणाली, "चल. तिळाला काय कुंकू लागत नाही."

जी बाई शाळेच्या फाटकाबाहेर पडली नव्हती, ती पुढे आणि मी मागे. पहिल्याच घरी ओट्यावर एक म्हातारी पाय पसरून बसली होती, मल्लम्मा नावाची. आवाजाच्या रोखानं तिनं मान वळवली, पण नजर आमच्या खांद्यावरून कुठंतरी पलीकडे. आत्यानं तिच्या हातावर लाडू ठेवला आणि आपल्या मोडक्या तेलुगूत तिळगुळाचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, तीळ खा आणि चांगलं बोला. मल्लम्मानं लाडू चाचपला, हुंगला. मी डॉक्टरांचं सांगितलं. ती थोडं हसली आणि म्हणाली, "नाकु बोट्टु लेदु." मला कुंकू नाही.

आत्या तिच्याजवळ ओट्यावर टेकली. "नाकू लेदु," ती म्हणाली. मलाही नाही.

मल्लम्मानं हात पुढे करून आत्याच्या कपाळावरून बोटं फिरवली. बराच वेळ. मग तिनं काठी मागितली.

पुढचं सगळं मला उन्हासकट आठवतं. ते कलतं ऊन, गल्लीतल्या रांगोळ्यांना पाय लागू नये म्हणून कडेकडेनं चालणाऱ्या त्या बायका, एकीच्या खांद्यावर दुसरीचा हात, सगळ्यांच्या तोंडात तीळ. दर दारात आत्या सांगत होती की मला पण डोळे दाखवायचेत, सोबत चला. मल्लम्मा आतल्यांना हाका मारत होती. आमचा डबा संपला तेव्हा कुणीतरी घरातून सकिनालू आणून त्यात भरले. डॉक्टरांनी संध्याकाळची बस सोडली आणि सरपंचाच्या मोटरसायकलवर जायचं ठरवलं. शेवटी आत्या खरंच खुर्चीवर बसली. तिचे डोळे ठणठणीत निघाले, आणि इतका वेळ रांगेत बसून काहीच निघालं नाही याचा तिला जरा रागच आला.

निघायच्या दिवशी ती मल्लम्माकडे गेली आणि तिथं चहा पिऊन आली. आत्या, परक्या घरचा चहा! माझ्या मनात एकच घोकणी चालली होती, ही घरी जाऊन काय सांगणार. टोपल्या वाहताना मी मुलांशी हसले होते, हाताला फोड आले होते, आणि बोलावण्याचा तो घोळ तर माझाच होता. सांगण्यासारखं तिच्याजवळ भरपूर होतं. बसमध्ये ती हैदराबाद येईपर्यंत खिडकीशी डोळे मिटून बसली.

घरी आल्यावर आधी आंघोळ, मग बोलणं, हा तिचा नियम. बाबा पेपर धरून बसले होते, पण पान उलटत नव्हते. आई दारात. मी स्वयंपाकघरात लातूरची तयारी केल्यासारखी गुमान कोथिंबीर निवडत होते. आत्या आली, पाटावर बसली, चहा फुंकून घेतला. बाबांनी विचारलं, मग अक्का, काय बघितलंस, काही फायदा आहे का यात?

आत्या म्हणाली, "वसंता, त्या गावातल्या बायांनी मला पुढच्या संक्रांतीला बोलावलंय."

बाबांना काही कळेना. ते म्हणाले, बरं, मग?

"मग काय? इतकी वर्षं मला कोण कुठं बोलावतंय? आता बोलावलंय. आणि तुझी पोरगी लग्न होऊन लातूरला गेली, तर मला तिथं नेणार कोण?"

पेपर खाली आला. आईनं तोंडाला पदर लावला, हसण्यासाठी की कशासाठी ते मला दिसलं नाही. मी कोथिंबिरीत तोंड घालून भडभडून रडले. बाबांनी त्या दिवसानंतर योजनेबद्दल फायदा हा शब्द काढला नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही दोघी पुन्हा गेलो. ऑपरेशन झालेली मल्लम्मा जाड काळा चष्मा घालून बस-थांब्यावर उभी होती, आणि लांबूनच ओरडून आत्याला सांगत होती की मला वाटलं होतं त्यापेक्षा तू फारच वाळकी आहेस. प्रमाणपत्र मिळालं, पुढची जागाही मिळाली, आणि मी आयुष्यभर एका दवाखान्यात लोकांना हाताला धरून डॉक्टरांपर्यंत न्यायचं काम केलं. लग्न झालं ते नंतर, माझ्या सवडीनं, आणि सुखाचं झालं. आत्याला प्रमाणपत्र मिळालं नाही. वयाची अट होती.

आता नव्या मुलांना मी योजनेचे फायदे सांगते तेव्हा ते कागदावरचेच सांगते. आत्मविश्वास, प्रवेशाला वजन, वगैरे. पण बोलावणं कुणापर्यंत पोचत नाही तिकडे आधी बघायचं, ही जी सवय मला त्या हिवाळ्यानं लावली, ती कशी सांगायची? आणि ती सवय लागलेली बाई स्वतःच एक दिवस न बोलावलेल्यांत जाऊन बसते, तेव्हा तिनं काय करायचं, हे तर कुठल्याच शिबिरात शिकवत नाहीत. काल सकाळी सायलीची पुडी हातात घेऊन मी बराच वेळ तशीच बसले. वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

मग उठले. तीळ भाजले, गूळ चढवला. चटके बसले, लाडू वाकडेतिकडे झाले, आत्यानं बघितले असते तर नावं ठेवली असती. डबा भरला आणि जिना चढून सायलीच्या दाराशी गेले.

आत बायका जमल्या होत्या. सायलीनं दार उघडलं आणि मला बघून तिचा चेहरा उतरला, करंडा कुठं ठेवावा ते तिला कळेना. मी डबा पुढे केला. म्हटलं, घाबरू नको गं, मी बोलावणं करायला आलेय. उद्या दुपारी माझ्याकडे या, तीळ खायला, सगळ्याजणी. आणि मग मुद्दाम जरा आवाज चढवून, त्या लोटलेल्या दाराकडे बघून म्हटलं, "आणि तुझ्या सासूबाईंना मी स्वतः बोलवायला आलेय म्हणून सांग."

टीव्हीचा आवाज बंद झाला. दार लगेच उघडलं नाही. पण आतून विचारलेलं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"किती वाजता?"